घरच्या माणसाची खुर्ची

लखूला कुणी नेमलं नव्हतं, तरी वाडीतल्या शब्दांची राखण त्यानं स्वतःकडं घेतली होती.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात दिग्गीच्या वाटेवर डांबर संपून लाल माती सुरू झाली की डाव्या हाताला एक वाडी लागते. तिथली माणसं चुलीपाशी कोकणी बोलतात, रामनगरच्या बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड. तिन्ही भाषा एकाच पिशवीतून घेऊन हिंडायचं म्हटल्यावर त्या एकमेकींना घासायच्याच. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. लखूला वाटे. विशीत असताना तो हुबळीला एका खानावळीत भांडी घासायला गेला होता. मालकानं कन्नडात विचारलं, दारू पिण्याचा अभ्यास आहे का. मागचंपुढचं लखूला कळलं नाही, मधला 'अभ्यास' तेवढा कळला. तो छाती काढून म्हणाला, आहे, चौथीपर्यंत केलाय. कन्नडात अभ्यास म्हणजे सवय. मालकानं त्याला तसाच बाहेर काढला, आणि आतल्या आचाऱ्यानं समजावल्यावर हसत हसत परत बोलावला. पण तेव्हापासून एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांवरचा लखूचा विश्वास उडाला, तो कायमचा.

"तोंडवळा आपल्यातला दिसला म्हणून कुणालाबी जावई करून घ्याल काय?" तो चारचौघांत सांगायचा. "मग शब्दाला तरी चौकशी न करता घरात का घेता?"

त्याची बायको बाळी शाळेत पोरांचा दुपारचा भात शिजवायची. ती म्हणायची, "ह्यांच्यापुढं बोलायचं म्हंजे तांदूळ निवडल्यागत बोलाया लागतंय."

शाळा पाचवीपर्यंतची, एका खोलीची आणि एका मास्तराची. आजवर आलेला प्रत्येक मास्तर बदलीच्या वाटेकडं तोंड करूनच फळ्यावर लिहायचा. मग हावेरीकडची रक्षा आली. त्या भागात शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात, म्हणून सगळे तिला अक्कोरूच म्हणायला लागले. तिशीच्या आतली, लग्नाला वर्ष झालेली, नवरा तिकडं हावेरीत. ती जोयड्यात खोली घेऊन राहायची, सकाळच्या बशीनं फाट्यावर उतरून जंगलातून चालत यायची. पहिल्या दिवशी हजेरी चालू होती. लखूची नात राखी उशिरा आली, दारात उभी राहून धापा टाकत म्हणाली, "अक्कोरू, हांव आयलें."

कोकणीत हांव म्हणजे मी. कन्नडात हावू म्हणजे साप.

अक्कोरू स्टुलावर चढली आणि कुठंय, कुठंय म्हणून विचारायला लागली. राखीनं आपल्या छातीवर हात ठेवला. बाईंना अजून कळलं नाही म्हणून मागची पोरंही मदतीला धावली. हांवय आयलां, हांवय आयलां, म्हणत एकेक जण उभा राहिला. चुलीवरचा भात तसाच टाकून बाळी आत आली तेव्हा सगळा वर्ग छातीला हात लावून उभा होता आणि बाई स्टुलावर होती.

लखू शाळा समितीचा अध्यक्ष होता. त्यानं त्याच संध्याकाळी फर्मान काढलं की शाळेत कुणी हांव म्हणायचं नाही, कन्नडातलं 'नानु' म्हणायचं. बारक्यांच्या जिभेला ते वळेना. शेवटी त्यांनी 'मी' म्हणणंच सोडून दिलं. राखीला तहान लागली, असं राखी सांगायला लागली.

पुढच्या पंधरवड्यात आणखी गोंधळ झाले. अक्कोरू सुशीलाकाकीच्या अंगणात आली आणि काकी लगबगीनं पाणी आणायला उठली, तेव्हा बाई प्रेमानं म्हणाली, अवसर नाही. म्हणजे घाई नाही. वाडीत अवसर म्हणतात ते देव अंगात येण्याला. काकीला वाटलं, बाईच्या अंगात येत होतं आणि राहून गेलं. तिनं आतून धूप आणून ठेवला. मग एकदा झाडाखाली उभं राहून अक्कोरू म्हणाली, इथली गाळी किती छान. तिला वारा म्हणायचं होतं. बायकांना गाळी म्हणजे शिव्या. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या, की काल विहिरीवरचं भांडण हिनं ऐकलं का काय.

सगळ्यात वाईट गेलं ते बाळीला. अक्कोरू पोरांबरोबरच जेवायची. एक दिवस डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, आमटी खार आहे. कन्नडात खार म्हणजे तिखट. बाळीनं दुसऱ्या दिवशी मीठ कमी केलं. अक्कोरू पुन्हा तेच म्हणाली. बाळीनं आणखी कमी केलं. आठवडाभरानं पोरं अळणी तिखटजाळ आमटी खाऊन नाक पुसत होती आणि बाळी चुलीपाशी बसून म्हणत होती, "आता समुद्र कुठनं येतोय ह्यात, तेवढं मला कुणीतरी सांगा."

लखूनं येऊन निवाडा केला, आमटी सुधारली आणि त्याचा मान वाढला. आता लोक अक्कोरूशी बोलायच्या आधी त्याला विचारून जायला लागले. तो शब्द तपासून द्यायचा. हा चालंल, हा नगं, हा तिकडं शिवी व्हतोय, ह्याचं येगळंच काय तरी व्हतंय. हळूहळू असं झालं की अक्कोरू दिसली की लोक हसायचे, हात जोडायचे आणि तपासून न आणलेलं एक अक्षरही तोंडातून काढायचे नाहीत.

तरी तिचं सगळं बरं चाललं होतं. ती येताना दिसली की अंगणातली माणसं उठून उभी राहायची. कुणीतरी लाल प्लास्टिकची खुर्ची पुढं करायचं, वर टॉवेल टाकून. तांब्यात पाणी, वाटीत गूळ, मग चहा, ऊन तापलं असलं तर कोकमाचं सरबत. संध्याकाळी लखू तिची पिशवी खांद्याला अडकवून तिला फाट्यापर्यंत पोचवायचा आणि बस हलल्याशिवाय माघारी फिरायचा नाही. आणि ती शिकवायची, ते सगळ्यांना दिसत होतं. राखी आधीच्या मास्तरापुढं कधी तोंड उघडत नसे. आता ती बिस्किटाच्या पुड्यावरचं कन्नड वाचून दाखवायची आणि लखूच्या उच्चारात चूक काढायची.

दिवाळीनंतर गोपाळ जोयड्याची बातमी घेऊन आला. तो फाट्यावर चहाची टपरी चालवायचा, त्यामुळं बातम्या त्याच्याकडं आपल्या पायांनी यायच्या. येत्या उन्हाळ्यात मास्तरांच्या बदल्या निघणार होत्या, आणि हावेरीकडची माणसं आपल्या गावाकडं जायला टपून बसली होती.

त्या रविवारी वाडी मांडावर बसली. मांड म्हणजे वाडीचं सामायिक अंगण. लग्नाचं, भांडणाचं, देवाचं, सगळं तिथंच ठरतं. अक्कोरू गेली तर काय होणार ते सांगायची कुणाला गरज नव्हती. दुसरा मास्तर यायचा नाही, शाळेला कुलूप लागायचं आणि पोरांना ओढ्यापलीकडच्या शाळेत जायला सांगायचे. पावसाळ्यात तो ओढा म्हशीला जुमानत नाही. मग लोक पोरांना घरी ठेवणार, त्यातही पोरींना आधी. लखूच्या डोळ्यांपुढं राखी गुरांमागं चाललेली दिसत होती.

"पगाराला जास्त काय देता येतंय काय बघूया," गोपाळ म्हणाला.

"सरकारचा पगार तू वाढवणार व्हय?" बाळी म्हणाली. "आधी माझी उसनी नेलेली किटली परत दे."

मग सुशीलाकाकी पुढं सरकली. वाडीत कुणाला कसं वागवायचं हा तिचा प्रांत. ती म्हणाली, "जाणार न्हाई तर काय करंल? आजून पावणीच हाय ती. आल्यापास्नं खुर्चीवर बसवून ठिवलीय. पावण्याचं कामच जायचं असतंय. घरची करा तिला, मग बघू कुटं जाती."

सगळ्यांना ते एकदम पटलं. वाडीची रीतच तशी होती. नवरी घरात आली की पाच दिवस पाटावर बसते. तिला पाणी हातात मिळतं, जेवण पुढ्यात येतं, सगळे तिला अहोजाहो करतात. सहाव्या दिवशी सकाळी सासू काही न बोलता तिच्या हातात केरसुणी देते, आणि मग तिच्याकडं कुणी बघत नाही. ती घरची झाली. जावयाचंही तेच. ज्या दिवशी सासरा त्याला बस म्हणत नाही, त्या दिवशी त्याला त्या घरात हक्क मिळाला. पाहुणा पुढच्या दारानं येतो, त्याला विचारतात, देतात, पोचवतात. घरचं माणूस मागच्या दारानं येतं, हातानं पाणी घेतं आणि दिसेल ते काम उचलतं.

"पण हे तिला सांगायचं कसं?" गोपाळनं विचारलं. "लखूकाका, कन्नडात शब्द हाय काय ह्याला?"

"ह्याला शब्द लागत न्हाई," लखू म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट शब्दाशिवाय होणार म्हणून त्याला फार मोकळं वाटलं. "शब्दच न्हाई तर चूक कुठनं व्हणार?"

दुसऱ्या दिवशी अक्कोरू आली तेव्हा अंगणातलं कुणी उठलं नाही. सुशीलाकाकीनं मुद्दाम तिच्याकडं पाठ केली, आणि पाठ करता करता शेजारणीला डोळ्यानं खुणावलं की बघ, कशी छान जमलीय. लाल खुर्ची माळ्यावर गेली. दुपारी अक्कोरू बाळीच्या घरी पुढच्या ओटीवर येऊन उभी राहिली, जरा वेळ थांबली, इकडंतिकडं बघितलं. बाळी आतून म्हणाली, "आगं, उभी काय ऱ्हायलीस, हे निवड," आणि तिच्या पुढ्यात सूप सरकवलं. आधी ती अहो म्हणायची. तूवर यायला बाळीला सकाळभर मनाची तयारी करावी लागली होती.

अक्कोरूनं तांदूळ निवडले. मान वर न करता, सगळे निवडले.

"बघितलंत?" रात्रीच्या जेवणाला बाळी नवऱ्याला म्हणाली. "एक सबुद बोलली न्हाई. अगदी सुनंगत."

थंडी पडली, जंगलातली कणगी निघाली. मातीनं भरलेली ती कंदमुळं बाळीनं एक दिवस अक्कोरूच्या पुढ्यात ओतली आणि हातात सुरी दिली. दुसऱ्या कुणाच्या घरी तिनं लिंबाचं लोणचं घातलं. शेजारच्या नागूच्या बायकोनं तिला म्हैस धरायला उभी केली. संध्याकाळी लखू आता फाट्यापर्यंत जात नसे. त्याचा जीव वरखाली व्हायचा, तिच्या पिशवीसाठी हात पुढं यायचा, तो हात तो मागं बांधून ठेवायचा. अंगणातूनच ओरडायचा, "वाटंत गवा दिसला तर उभी ऱ्हा. पळू नगंस." घरच्या माणसाला याहून काय सांगायचं? मग ती वळणाआड गेली की झाडीच्या कडेकडेनं तो तिच्या मागं फाट्यापर्यंत जायचा, तिला दिसणार नाही असा, आणि बस हलली की माघारी फिरायचा. पोचवलं असं होता कामा नये.

अक्कोरूचं हसणं कमी झालं. लखूनं ती चांगली खूण धरली. पाहुणा माणूस हसतमुख असतो, घरचं माणूस तोंड पाडून बसतं. पुढं ती पोरांच्या पंगतीला जेवायला यायची बंद झाली, आपला डबा वर्गातच खायला लागली. बाळी म्हणाली, "रुसली. चांगलं हाय. परक्यावर कोण रुसतंय?"

शिमग्याच्या सुमाराला राखी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "अक्कोरू चालल्या."

"कुटं?"

"त्यांच्या गावाला. परीक्षा झाली की. आम्हाला म्हणल्या, नवीन मास्तर आले की शहाण्यासारखं वागा. राखीला म्हणल्या, वाचायचं सोडू नको." बोलता बोलता तिनं खालचा ओठ दातात धरला.

पहिली गोष्ट लखूच्या मनात आली ती हीच, की कुणीतरी शब्द वापरला. त्यानं घरोघर चौकशी लावली. तू काय बोललास? तू काय बोललीस? कोण अवसर म्हणालं, कोण गाळी म्हणालं, कोणी चेष्टेत काही म्हणालं? गोपाळनं देवाची शपथ घेतली. नागूची बायको म्हणाली, मी म्हशीशी बोललेय तेवढंच. चौकशी करता करता लखूच्या ध्यानात आलं की गेले कितीतरी दिवस वाडीतलं कुणीच अक्कोरूशी काही बोललंच नव्हतं. पकडायला एक शब्द सापडेना. चोरी झालीय आणि घरात एकही खिडकी नाही, तसं त्याला झालं.

रविवारी तो आणि बाळी जोयड्याला गेले. बाळीनं केळीचा घड घेतला होता. अक्कोरूची खोली एका घराच्या मागच्या बाजूला, वर चढून जायला अरुंद जिना. दार उघडल्यावर तिचा चेहरा क्षणभर गोरामोरा झाला. मग ती एकदम धावपळीला लागली. तिच्याकडं एकच खुर्ची होती, दुसरी तिनं घरमालकिणीकडून धावत जाऊन आणली. दोघांना बसवलं. पाय धुवायला पाणी विचारलं. बाळीला कुंकू लावलं. गूळ-पाणी झालं, मग फोडणीचे पोहे, वर खोबरं, मग चहा, चहाबरोबर बेकरीची खारी. प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांनी.

लखूनं पोह्यांची बशी खाली ठेवली. इतका मान म्हणजे संपलंच सगळं. इतक्या दिवसांचं घरचेपण हिनं एका बशीत घालून परत केलं होतं.

बाळीला ते सहन होईना. ती खुर्चीवरून उठली, सरळ आतल्या ओट्यापाशी गेली, हंड्यावरचं झाकण काढलं आणि हातानं पाणी घेऊन प्याली. अक्कोरू मागं धावली. नको नको, तुम्ही बसा, तुम्ही बसा, म्हणत ती बाळीच्या हातातला पेला काढून घ्यायला गेली. पेल्याला धरून दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि दोघींचे डोळे भरले.

"लखूकाका," अक्कोरू तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "माझा चूक काय झाला, ते सांगा. जाताना तरी सांगा."

"तुमची कसली चूक?" लखूनं विचारलं.

मग ती कन्नडात बोलली, भरभर, आणि लखू जसंच्या तसं बाळीला सांगत गेला. ती म्हणत होती, आधी तुम्ही मला किती जीव लावलात. मग एक दिवस खुर्ची काढलीत. पाणी विचारायचं सोडलंत. पोचवायला यायचं सोडलंत. काकींनी पाठ फिरवली. मला वाटलं, माझ्या हातून काही घडलं असेल, कुणी सांगेल. कुणी बोलायलाच तयार नाही. आमच्याकडं शेतातून भाऊ घरी आला तरी त्याला बस म्हणतात, गूळ देतात. बस म्हटलं नाही म्हणजे जा म्हटलं. कुणाला घरातून काढायचं असलं तर आम्ही तोंडानं सांगत नाही. पाट काढून घेतो.

चुकीचा शब्द असता तर लखूनं तो चिमटीत धरून बाहेर काढला असता. इथं खुर्ची तीच होती, पाणी तेच होतं, गूळही तोच होता.

"अक्कोरू," तो म्हणाला, "आपल्या माणसाला खुर्ची कोण देतंय?"

तिला कळायला वेळ लागला. त्यानं तिला सगळं सांगितलं, मांडावरचं, काकीचं, पाटावरच्या नवरीचं, केरसुणीचं. झाडीच्या कडेनं मागं येत होतो तेही सांगितलं. ते ऐकल्यावर ती खाली फरशीवरच बसली.

"मग मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली.

"आपल्या माणसाला सांगतंय कोण?"

अक्कोरू हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. म्हैससुद्धा, ती म्हणाली, मला वाटलं मला घाबरवायला धरायला लावली. लखू म्हणाला, त्या म्हशीला परक्याचा हात नागूची बायको लावू देत न्हाई. मग अक्कोरूनं बाळीकडं वळून विचारलं, अक्का, तुमच्या हातात केरसुणी दिली त्या दिवशी तुम्हाला बरं वाटलं होतं का?

लखूनं प्रश्न सांगितला. त्यालाही तो कधी सुचला नव्हता.

बाळीनं पेला ओट्यावर ठेवला. "बरं कुठलं," ती म्हणाली. "गोठ्यामागं जाऊन रडले. ह्यांनी बघितलं, ह्यांना वाटलं चुलीचा धूर गेला डोळ्यांत. पण घरची झाले. बरं वाटायचा काय संबंध हाय त्यात?"

लखूनं ते कन्नडात सांगितलं. धुराचं मात्र गाळून सांगितलं.

संगणकावर बदलीच्या अर्जाचं बटण दाबायला अजून आठवडा होता. अक्कोरू म्हणाली, मला शाळा सोडायची नाही, राखीला सोडायचं नाही, नवऱ्याला मी समजावते, तोच इकडं दांडेलीत काही बघतोय. राहते मी. पण लखूकाका, मला खुर्ची पाहिजे. आणि मी आले की कुणीतरी बस म्हणायला पाहिजे. तेवढं नसलं तर मला तिथं उभं राहता येत नाही.

"मिळंल," लखू म्हणाला. त्यानं काहीही कबूल केलं असतं.

परतीच्या बशीत बाळी खिडकीशी बसली होती. गणेशगुडीला सहलीला जाऊन आलेली पोरं मागच्या बाकांवर नदीत होड्या कशा उलटल्या त्याच्या गप्पा मारत होती. बाळी म्हणाली, "म्हंजे घरची व्हायला नगं म्हणती ती."

"आगं, ऱ्हाते म्हणती ना."

"ऱ्हाणं येगळं." आणि मग, "म्या तिच्या हातात केरसुणी पण दिली असती. नवी बांधून ठिवली व्हती."

"बाळे, शाळा वाचली."

"शाळा वाचली व्हय," बाळी म्हणाली. "तुमची शाळा वाचली."

मांडावर लखूनं निकाल सांगितला. वाडीला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण जरा सुतकासारखा. सुशीलाकाकी म्हणाली, "नगं म्हणती? बरं. जबरदस्ती थोडीच हाय. काही माणसं न्हाई रुजत." आणि तिनं स्वतः माळ्यावरून लाल खुर्ची उतरवून धुतली.

जूनमध्ये शाळा उघडली. अक्कोरू फाट्यावर उतरली तेव्हा लखू पिशवी घ्यायला उभा होता. वाडीत पाय ठेवताच अंगणातली माणसं उठली. खुर्चीवर धुतलेला टॉवेल होता. गूळ आला, पाणी आलं, काकीनं सरबताचा पेला तिच्या हातात दिला आणि तिच्याकडं अशा मायेनं बघितलं, जसं परगावच्या पोरक्या पोरीकडं बघावं. नागूच्या बायकोनं म्हैस लांब बांधली, पाहुण्यांना शिंग लागायला नको. सगळे अहोजाहो करत होते. हुंदका आवरल्यासारखं अदबीनं बोलत होते. शाळेच्या दारात पोरं रांगेत उभी होती आणि राखी सगळ्यांच्या पुढं होती.

दुपारी अक्कोरू बाळीच्या ओटीवर आली. बाळीनं खुर्ची पुढं केली, बसा म्हणाली, चहाचा कप दिला. अक्कोरूनं एक घोट घेतला आणि खुर्चीत मागं टेकून बसली. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी फुललेला लखूनं बघितला. ती त्याच्याकडं वळून कन्नडात हळूच म्हणाली की आज पहिल्यांदा वाटतंय, ह्यांनी मला आपली मानली. आता हे माझंच घर.

"काय म्हणाल्या?" बाळीनं विचारलं.

लखूनं तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाचा शब्द वाकडा करून पुढं दिला नव्हता. एक धुराचं गाळलं तेवढं सोडलं, तर हुबळीपासून आजपर्यंत ज्यानं जे म्हटलं तेच त्यानं दुसऱ्याच्या कानावर घातलं होतं, शिवी असली तरी. त्यानं बाळीकडं बघितलं. दाराआड, भिंतीला टेकून, नवी बांधलेली केरसुणी होती. हे बाळीला सांगितलं तर संध्याकाळच्या आत खुर्ची माळ्यावर जाणार.

"चा बरा झालाय म्हणती," लखू म्हणाला.

"पावण्यांनी तसं म्हणायचंच असतंय," बाळी म्हणाली. तिनं खोल सुस्कारा टाकला, किटलीतून दुसरा कप भरला आणि अक्कोरूच्या पुढं केला, दोन्ही हातांनी.